आपल्या चर्चचा इतिहास लिहायला घेताना: वसईच्या जुन्या धर्मग्रामांसाठी कामाची रीत

स्मरणिका काढायची ठरली की समितीच्या पहिल्याच बैठकीत वाद लागतो तो सालाचा. चर्च कधीचं? कोणी दर्शनी भिंतीवरच्या दगडाकडे बोट दाखवतं, कोणी आजोबांनी सांगितलेलं साल सांगतं, कोणी मागची स्मरणिका पुढे करतं. तिन्ही सालं वेगळी निघतात आणि बऱ्याचदा तिन्ही बरोबर असतात, कारण ती वेगवेगळ्या गोष्टींची असतात.

म्हणून सुरुवातीला एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: गावात पहिले ख्रिस्ती कधी झाले, पहिलं कुडाचं किंवा दगडी चर्च कधी उभं राहिलं, धर्मग्रामाचा (पॅरिशचा) स्वतंत्र दर्जा कधी मिळाला, आणि आज उभी असलेली इमारत कधीची. नंदाखालचं १५७३, माणिकपूरचं १६०६ ही सालं आपण सहज सांगतो. आपल्या गावचं असं साल या चारपैकी कोणत्या रकान्यात बसतं, ते कागद बघून ठरवायचं. जो रकाना भरत नाही तो कोराच ठेवा. रिकामा रकाना छापला तर कोणी हसत नाही, चुकीचं साल संगमरवरावर कोरलं तर पुढची शंभर वर्षं ते पुसता येत नाही.

दगडावरचं साल वाचताना क्रियापद आधी शोधा. पोर्तुगीज लेखात 'रीएदिफिकादा' असेल तर ते पुन्हा बांधल्याचं साल, 'बेन्झिदा' असेल तर आशीर्वाद दिल्याचं. नुसता आकडा असेल तर तो बहुधा दर्शनी भिंतीचा किंवा वाढवलेल्या भागाचा. कमानीवरचा दगड दुसऱ्या पडक्या इमारतीतून आणून बसवलेलाही असू शकतो, तेव्हा दगडाचा रंग आणि सांधा आजूबाजूच्या भिंतीशी जुळतो का, हेही बघा.

आणखी एक सोपी कसोटी नावाची. संत फ्रान्सिस झेवियर संत म्हणून जाहीर झाले १६२२ साली. त्यांच्या नावाचं चर्च 'संत' म्हणून १५८० मध्ये स्थापन झालं असं कोणी लिहिलं असेल तर काहीतरी चुकलं आहे. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला हुतात्मा झाले, धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) झाले १६२७ मध्ये आणि संतपद मिळालं १८६२ साली. लूर्डची गुहा आवारात असेल तर ती १८५८ नंतरची, फातिमामातेचा पुतळा असेल तर १९१७ नंतरचा; त्या त्या ठिकाणी मरियेचं दर्शन झाल्याची ही सालं. उलट बाजूनेही जपा: चर्च जुनं असून आश्रयदाता संत नंतर बदललेला असू शकतो.

कोणाचं राज्य, कोणाचा धर्मप्रांत, कोणता कागद

वसईचा इतिहास शोधताना कपाटं सापडायला अवघड जातात, कारण राज्य बदललं की कागदाचा मुक्कामही बदलतो. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. १७८० ला इंग्रजांनी जिंकून तो सालबाईच्या तहानंतर परत केला, आणि पेशवाई संपल्यावर मुलूख कायमचा इंग्रजांकडे गेला. तेव्हा १७३९ पूर्वीचे कागद पोर्तुगीज भाषेत आणि गोवा, लिस्बन, रोम इथे. १७३९ ते १८१८ मधले बरेचसे मोडी लिपीत आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात. नंतरचे इंग्रजीत आणि मुंबईत.

चर्चचा कारभार मात्र या तारखांनी चालत नव्हता. किल्ला पडल्यावर पोर्तुगीज संन्यासी संघ गेले, तरी उरलेले भाविक गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारातच राहिले आणि देशी धर्मगुरू त्यांना सांभाळत होते. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारात दमण धर्मप्रांत (एका बिशपांच्या अधिकारातला मुलूख) झाला आणि वसई त्यात गेली. १९२८ मध्ये तो मोडून वसई-साष्टी मुंबईला जोडली. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत झाला. यातून व्यवहाराची गोष्ट एवढी: १८९५ मध्ये तुमच्या फादरांनी छपराच्या पैशांसाठी बिशपांना पत्र लिहिलं असेल तर ते मुंबईच्या दप्तरात धुंडाळण्यात दिवस घालवू नका, आधी दमण-गोव्याच्या बाजूने विचारा.

मोडी कागद हाती आला तर तारखेपाशी सगळे अडखळतात. त्यात 'तिसा सलासीन मया व अलफ' अशी अरबी सालगणना असते. तिसा ९, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००, म्हणजे सुहूर सन ११३९. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन. पण हे वर्ष मृगाला, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे. वसई पडली तो वैशाख याच सनातला: ११३९ अधिक ६००, बरोबर १७३९. शक दिला असेल तर वैशाखासारख्या महिन्याला ७८ मिळवा. त्याच काळातलं इंग्रजांचं पत्र हाताशी असेल तर त्याची तारीख पोर्तुगीज तारखेपेक्षा ११ दिवस मागे दिसेल, कारण इंग्रजांनी नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. एकाच घटनेच्या या दोन तारखांना दोन घटना समजून छापलेलं पुष्कळ ठिकाणी सापडतं.

छापील साधनांपैकी १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर (खंड १३ आणि १४) पहिल्यांदा वाचा. जेर्सोन दा कुन्हा यांचं चौल-वसईवरचं पुस्तक १८७६ चं. गॅझेटियरने त्यातून बरंच उचललं आहे, म्हणून दोन्हीकडे एकच गोष्ट मिळाली तर दोन साक्षीदार मिळाले असं धरू नका. गावाचं नाव आणि महसूल यासाठी सिमाव बोतेल्यू यांचा १५५४ चा तोंबो (पोर्तुगीज जमीन-महसुलाची नोंदवही) उपयोगी पडतो. गावांची नावं पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली आहेत, ती मोठ्याने वाचून पाहिली की ओळखू येतात.

नोंदवह्या: खरं घबाड इथे

बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायचा नियम कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यू, दृढीकरण आणि घरवार लोकांची यादी याही वह्या सांगितल्या. तुमच्या सॅक्रिस्टीत (वेदीजवळच्या सामानाच्या खोलीत) जी सगळ्यात जुनी वही असेल, तिथून काम सुरू करा आणि अलीकडून मागे जा. आधी ज्यांची घरं आजही ओळखता येतात त्या १९२०-३० च्या नोंदी वाचा. अक्षर आणि आडनावं डोळ्यात बसली की मगच मागच्या शतकात शिरा. थेट सगळ्यात जुन्या वहीला हात घालणारे तीन दिवसांत कंटाळतात.

परवानगी प्रमुख धर्मगुरूंकडून लेखी घ्या, आणि अर्जातच लिहा की गेल्या १०० वर्षांतल्या नोंदी फक्त मोजणीसाठी वापरू, नावं छापणार नाही. वह्यांत दत्तकाच्या आणि विवाहबाह्य जन्माच्या टिपा असतात. 'फिल्यू लेजितिमो' म्हणजे औरस मुलगा. 'फिल्यू नातुराल' याचा अर्थ 'नैसर्गिक' असा सरळ समजून कोणी पुढे जातो, पण तो विवाहबाह्य मुलासाठीचा शब्द आहे. कोणाच्या पणजोबांची अशी नोंद गावाच्या स्मरणिकेत छापणं हा इतिहास नव्हे, चहाडी आहे.

हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उरका. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या दमट हवेत जुनं पान उलटताना घडीवर तुटतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, टेबलावर पेन येऊ देऊ नका, फक्त पेन्सिल. वही सपाट दाबून उघडू नका. दोन्ही पुठ्ठ्यांखाली दुमडलेले टॉवेल ठेवा. जुन्या शाईतलं लोह कागद खातं, त्यामुळे अक्षरांच्या जागी भोकं पडलेली दिसतील. त्यांवर सेलोटेप लावू नका आणि चांगल्या हेतूनेसुद्धा लॅमिनेशन करू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरासकट सुटतो आणि लॅमिनेशन काढताच येत नाही.

साधा मोबाइल पुरतो, पण तो स्टँडला लावून कॅमेरा पानाला समांतर ठेवा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वही आणि पान क्रमांकाची चिठ्ठी फोटोत येऊ द्या. शाई फिकी असेल तर फ्लॅश बंद करून खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या. दोन माणसं एका बैठकीत दीडदोनशे पानं आरामात काढतात.

नोंदीचा साचा एकदा समजला की पोर्तुगीज येत नसली तरी साठेक शब्दांवर काम भागतं. साचा असा असतो: अमुक साली, अमुक महिन्याच्या अमुक तारखेस, या चर्चमध्ये मी, खाली सही करणाऱ्या धर्मगुरूने, अमुक नावाच्या बालकास विधिपूर्वक बाप्तिस्मा दिला, जन्म अमुक दिवशी, अमुक व तमुक यांचे औरस अपत्य, राहणार अमुक, धर्मपिता हे, धर्ममाता ही. प्रत्येक नोंदीत हाच क्रम, फक्त नावं बदलतात. लॅटिन वहीत 'बाप्तिझावी' या शब्दामागे-पुढे हेच सगळं सापडतं.

फसवणारी जागा महिन्याची. जुने लेखक वेळ वाचवायला महिना आकड्याने लिहीत: ७ लिहून पुढे 'ब्रो'. हा जुलै नव्हे. सात म्हणजे लॅटिन 'सेप्तेम', तेव्हा तो सेप्टेंबर. तसंच ८-ब्रो ऑक्टोबर, ९-ब्रो नोव्हेंबर आणि रोमन दहाचा फुलीसारखा आकडा पुढे 'ब्रो' घेऊन आला तर डिसेंबर. ही एक चूक झाली की मूल जन्माच्या आधी दोन महिने बाप्तिस्मा घेतं! नावांचंही तसंच: रोमन 'एम' वर बारीक 'ए' म्हणजे मारिया, 'एफ' पुढे 'को' म्हणजे फ्रान्सिस्को.

मग संगणकावर टेबल. रकाने पुढीलप्रमाणे ठेवा: वही, पान, नोंद क्रमांक, वर्ष, महिना, दिवस, मूळ नाव, बाप, आई, आळी, धर्मपिता, धर्ममाता, धर्मगुरू, समासातली टीप, शंका. वर्ष-महिना-दिवस वेगवेगळे ठेवण्याचं कारण साधं: एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख ओळखत नाही, तिला मजकूर समजतं आणि क्रमाने लावताना सगळा घोळ घालतं. मूळ नाव जसं दिसलं तसंच उतरवा. 'लोपेस', 'लोपीस', 'लोपिज' एकसारखं करायचं असेल तर त्यासाठी वेगळा रकाना करा. शंकेचा रकाना रिकामा राहत असेल तर उतरवणारा माणूस अंदाजाने लिहीत आहे हे समजावं.

एकाच गावात एकाच नावाचे सहा फ्रान्सिस डाबरे असतात. त्यांना वेगळं करायला आळी आणि धर्मपिता-धर्ममाता यांचा आधार घ्या. धर्मपिता बहुधा नात्यातला किंवा शेजारचा असतो. वहीत ज्याचं नाव सेबास्तिआंव आहे तो गावात बस्त्याव म्हणून ओळखला जात होता, दोमिंगोस हा दुमिंग, कायतानो हा कायतान. घराण्याची टोपणनावं वहीत जवळजवळ कधीच नसतात, ती आळीतल्या म्हाताऱ्यांकडूनच घ्यावी लागतात.

वंशावळ जोडताना पहिलं मूल हमखास सापडत नाही. लोक वही हरवली म्हणतात. आधी आईचं माहेर बघा: पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बाप्तिस्माही बऱ्याचदा तिकडच्याच चर्चमध्ये. नंदाखालचं मूल निर्मळच्या वहीत मिळायचं. आईचं माहेर कुठलं, हे कळायला १९०८ नंतरच्या वह्या सोन्यासारख्या आहेत. त्या वर्षी रोमच्या हुकमाने लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात करणं बंधनकारक झालं, आणि समासातल्या त्या दोन ओळी वाचून कुठल्या गावाच्या लेकी कुठल्या गावी दिल्या, याचा नकाशाच काढता येतो. कुपारी घरं कुणाशी सोयरीक करत, वाडवळ कुणाशी, कोळी कुणाशी, आणि ही रेघ केव्हा पुसट होऊ लागली, हे यातूनच दिसतं. स्मरणिकेत हा नकाशा छापलात तर धर्मगुरूंच्या फोटोंची पानं कोणी बघणार नाही.

लोकसंख्येचा अंदाज हवा असेल तर सलग पाच वर्षांचे बाप्तिस्मे मोजून सरासरी काढा आणि २० ते २२ ने गुणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात हजारी साधारण ४८ जन्म होत, त्यावरून हा गुणक आला. वर्षाला सरासरी ६० बाप्तिस्मे असतील तर धर्मग्राम बाराशे-तेराशेचा. १९५० नंतर हा हिशेब लावू नका, जन्मदर बदलत गेला. मृत्यूच्या वहीत महिन्यागणिक मोजणी करा. १८९६ पासूनचा प्लेग आणि १९१८ च्या पावसाळ्यानंतरचा इन्फ्ल्युएन्झा आकड्यांत उंचवटा करून उभे असतात का, ते बघा. उंचवटा दिसला नाही तर तेही लिहा.

दगड, घंटा, कौलं

सिमेत्रीतला (दफनभूमीतला) किंवा चर्चच्या फरशीतला लेख वाचायला तारेचा ब्रश, आम्ल, खडू यांतलं काहीही नको. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि सूर्यास्तानंतर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. दुपारी कोरी वाटणारी फरशी एकदम बोलू लागते. जुन्या पोर्तुगीज थडग्यावर बहुधा 'ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची' अशा अर्थाचा मजकूर असतो. त्यात 'यू' च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो, शब्दांत जागा सोडलेली नसते. 'एरा' शब्दापुढचा आकडा हे साधं इसवी साल आहे, त्यात काही वजाबाकी करायची नाही.

घंटेवरचा मजकूर ठशात घ्या: पातळ कागद लावून मेणाचा खडू आडवा फिरवा. घंटेवरचं साल म्हणजे चर्चचं साल नव्हे, घंटा फिरतात. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी नेलेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ आहे आणि बाळ येशूसह मरियेची आकृतीही. त्यांतली एखादी आपल्याच चर्चची, असं लिहायचा मोह प्रत्येक गावाला होतो. घंटेवर चर्चचं नाव कोरलेलं नसेल तर लिहू नका.

छपरावर मंगलोरी कौलं असतील तर एक उतरवून मागचा शिक्का बघा. मंगळुरात हा धंदा १८६५ ला सुरू झाला, म्हणजे छप्पर त्यानंतरचं. लोखंडी तुळईवर डॉर्मन लाँगचा ठसा असेल तर तो कारखाना १८७५ चा. भिंत, छप्पर आणि वेदी वेगवेगळ्या शतकांतली निघणं अगदी स्वाभाविक आहे. वाटेवरच्या क्रूसांचं मोजमाप, दिशा आणि लेख टिपा. मुंबई-साष्टीत प्लेगमध्ये बरेच क्रूस उभे राहिले हे खरं, पण म्हणून वसईतल्या प्रत्येक क्रूसाला प्लेगची कथा चिकटवायची नाही.

जमिनीसाठी तलाठ्याकडचे जुने फेरफार आणि धर्मादाय आयुक्तांकडचा ट्रस्टचा उतारा काढा. १९५० च्या कायद्याखाली नोंदणी झाली तेव्हा मालमत्तेची यादी द्यावी लागली होती, आणि त्यात कधीकधी पडून गेलेलं चॅपेल किंवा विकलेली वाडी सापडते.

म्हाताऱ्यांशी बोलताना

साल विचारू नका, प्रसंग विचारा. 'मुंबईच्या गोदीतला स्फोट झाला तेव्हा तुम्ही शाळेत होता का?' यावर १४ एप्रिल १९४४ मिळतो. 'मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली तेव्हा चर्चमध्ये गाणी कोण शिकवायचं?' यावर साठीचं दशक उलगडतं. सामवेदी बोलणाऱ्या आजीला प्रमाण मराठीत बोलायला लावलंत तर ती प्रवचन सांगते. तिच्या बोलीत बोलू द्या, बोलीतच टिपा, अर्थ बाजूला लिहा. एका बैठकीला तासभर पुरे. तिला जुना लग्नाचा फोटो हातात द्या आणि प्रश्न विचारणं थांबवा. पानवेलीचा मळा, सुकेळी वाळवणं, रहाटाचे पाळीचे दिवस, सणाला कुठल्या आळीने कुठला खर्च उचलायचा, हे सगळं त्या फोटोतून निघतं. हिशेबाच्या वह्यांत हाच खर्च आकड्यांनी असतो, दोन्ही शेजारी ठेवा. १९१८ मध्ये सुरू झालेल्या कॅथलिक पतपेढीपूर्वी शेतकरी कर्ज कुणाकडून काढत, हाही प्रश्न विसरू नका.

लिहिताना

प्रत्येक वाक्यामागे आधार असावा: वही-पान, दगड, किंवा कोणत्या आळीतल्या माणसाने केव्हा सांगितलं ते. आख्यायिका जरूर छापा, पण 'असं सांगतात' या शब्दांसह आणि चौकटीत.

अवघड विषय टाळले की पुस्तक गुळमुळीत होतं. पोर्तुगीज काळात देवळं पाडली गेली, सक्ती झाली, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं; आणि १७३९ नंतर काही घरं परत हिंदू झाली. हे सगळं त्याच गावाच्या वाट्याला आलेलं आहे, शेजारच्या आळीतले हिंदू आणि ख्रिस्ती कित्येकदा एकाच मुळाचे आहेत. तुमच्या गावाबद्दल कागद असेल तेवढंच लिहा, वसईचं सरसकट वर्णन गावावर लादू नका. देणगीदारांची यादी मात्र पुस्तकाच्या शेवटी ढकला.

छपाईपूर्वी मसुद्याच्या तीन प्रती काढून त्या तीन वेगळ्या आळ्यांत वाचायला द्या, सोबत पेन्सिल बांधून. पंधरा दिवसांनी परत घ्या. टेबलाची एक छापील प्रत आणि फोटोंची एक हार्ड डिस्क धर्मप्रांताच्या कार्यालयात द्या, दुसरी जोडी चर्चच्या तिजोरीत वह्यांशेजारी ठेवा, आणि डिस्कवर तारीख व आतल्या वह्यांचे क्रमांक लिहा. लेबल नसलेली डिस्क पुढचा फादर बदलून आला की पहिल्या साफसफाईत कचऱ्यात जाते.